कोणता लेप्टॉन कोणत्या जेटचा? टॉप क्वार्कच्या घटनांतील जोड्या लावण्याविषयी

सोलापुरातून एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने टॉप क्वार्क हा जड मूलकण आणि त्याचा प्रति-कण प्रति-टॉप यांची जोडी तयार होणाऱ्या घटनांचे, म्हणजे कणांच्या टकरींचे, सिम्युलेशन केले आहे. दोन्ही टॉपचा क्षय होऊन प्रत्येकी एक बी-क्वार्क आणि एक डब्ल्यू बोसॉन मिळतो, आणि दोन्ही डब्ल्यू पुढे लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्यूऑन यांसारखा हलका कण) व डिटेक्टरला न दिसणारा न्यूट्रिनो यांत मोडतात. त्यामुळे हाती लागतात दोन बी-जेट (बी-क्वार्कपासून निघालेले कणांचे झोत), दोन लेप्टॉन आणि हरवलेला आडवा संवेग, म्हणजे न्यूट्रिनोंनी नेलेला, किरणपुंजाला काटकोनातला संवेग. कोणता लेप्टॉन कोणत्या बी-जेटबरोबर लावायचा हे ठरवताना त्याने डेल्टा-आर हे कोनीय अंतर सर्वांत कमी असलेली जोडी निवडली. पण सिम्युलेशनमधील खऱ्या उत्तराशी ताडून पाहिल्यावर ती निम्म्याहून थोड्याच अधिक वेळा बरोबर निघते. मशीन लर्निंगकडे न वळता यात सुधारणा करता येईल का, आणि प्रत्यक्ष डेटात जोडी बरोबर लागली हे कशावरून समजायचे, असे त्याने विचारले आहे.

मीही सोलापूरचीच. बरीच वर्षे कोलायडरच्या (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राच्या) डेटाचे विश्लेषण केल्यावर आता इथेच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागेल. एखाद्या विशिष्ट घटनेतील बरोबर जोडी कोणती, हे तुम्हाला खात्रीने कधीच सांगता येणार नाही, आणि ते कोणालाच सांगता येत नाही. खरा प्रश्न असा आहे की दोन शक्य जोड्यांपैकी एखादी अशक्य ठरवता येते का. आणि जिथे ती ठरवता येत नाही, तिथे तसे प्रांजळपणे नोंदवून ती घटना वेगळी ठेवता येते का. 'जवळची जोडी निवडा' हा नियम प्रत्येक घटनेला उत्तर देऊन मोकळा होतो, मग पुरावा असो वा नसो. मला त्यातला हाच दोष मोठा वाटतो.

डेल्टा-आर इथे दुबळा का पडतो, हे एका साध्या अंदाजावरून कळते. एखाद्या जड कणाच्या क्षयातून निघालेल्या दोन तुकड्यांतील डेल्टा-आर हा साधारणपणे त्या कणाच्या वस्तुमानाच्या दुपटीला त्याच्या आडव्या संवेगाने भागले असता येतो तेवढा असतो. टॉपचे वस्तुमान सुमारे १७२.५ जीईव्ही आहे (ऊर्जा, वस्तुमान आणि संवेग आम्ही याच एककात मोजतो). एलएचसी या मोठ्या कोलायडरमधील बहुतांश टॉपचा आडवा संवेग शंभर जीईव्हीच्या आसपास असतो, म्हणजे हे अंतर सुमारे ३.४ येते. एवढ्या अंतरावर 'जवळ' या शब्दाला काही अर्थ उरत नाही, कारण तुकडे डिटेक्टरभर विखुरलेले असतात आणि दुसऱ्या टॉपचा बी-जेट तितक्याच सहजतेने जवळ येऊन बसतो. याउलट ४०० जीईव्ही संवेगाच्या टॉपसाठी हेच अंतर ०.९ च्या खाली जाते आणि तिथे तुमचा नियम उत्तम चालतो. म्हणून डेल्टा-आर टाकून देऊ नका. मात्र तो कोणत्या संवेगाच्या वर वापरायचा, ती मर्यादा आधी आखून घ्या.

विद्युतभाराचा उपयोग होईल का, असा विचार तुमच्याही मनात आला असेल. टॉपमधून बी-क्वार्क आणि धन लेप्टॉन निघतो, प्रति-टॉपमधून प्रति-बी आणि ऋण लेप्टॉन. लेप्टॉनचा भार नीट मोजता येतो. तेव्हा जेट बी-क्वार्कचा आहे की प्रति-बीचा, एवढे कळले असते तर पेचच उरला नसता. पण जेटमधील कणांच्या भारांची संवेगानुसार सरासरी काढून मिळणारा जेट-भार फार पुसट असतो. जेटमध्ये एखादा म्यूऑन सापडला तरी तो थेट बी-क्वार्कच्या क्षयातून आला की मधल्या चार्म क्वार्कमधून, यावर त्याच्या भाराचे चिन्ह उलटते. शिवाय बी-क्वार्क सामावणारे उदासीन कण, म्हणजे बी-मेसॉन, वाटेत आपल्या प्रति-कणात बदलतात, तो गोंधळ निराळाच. हा पुरावा पूरक म्हणून ठेवावा, निर्णय त्याच्यावर सोडू नये.

आता मुख्य मुद्दा. गतिकीय चलांपैकी, म्हणजे ऊर्जा आणि संवेग यांवरून काढलेल्या राशींपैकी, काहींना वरून एक पक्की मर्यादा असते, आणि जोड्यांच्या बाबतीत सर्वाधिक उपयोग त्यांचाच होतो. एसटीचे उदाहरण घेऊ. स्वारगेटहून सकाळी ६ आणि ८ वाजता अशा दोन गाड्या सुटल्या आणि सोलापूर स्थानकात ११ आणि साडेबारा वाजता दोन गाड्या आल्या. कोणती गाडी कोणती? पहिल्या जोडणीत प्रवासाला ५ आणि साडेचार तास लागतात. दुसरीत एका गाडीला साडेसहा तास लागतात, ते चालेल. पण दुसऱ्या गाडीने सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ३ तासांत, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या सरासरीने, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी आणि मोहोळ घेत कापायला हवे. ते एसटीला शक्य नाही, म्हणून दुसरी जोडणी बाद. इथे पहिली जोडणी 'चांगली' आहे असे आपण सिद्ध केलेले नाही, फक्त दुसरी अशक्य आहे एवढेच दाखवले. गाड्या साडेबारा आणि एक वाजता आल्या असत्या तर दोन्ही जोडण्या शक्य ठरल्या असत्या, आणि केवळ घड्याळाकडे पाहून काहीच सांगता आले नसते.

तुमच्या घटनेत घड्याळाचे हे काम सर्वांत आधी बी-जेट आणि लेप्टॉन यांचे एकत्रित इन्व्हेरियंट वस्तुमान, म्हणजे दोघांची ऊर्जा आणि संवेग मिळून निघणारे वस्तुमान, करते. त्याला मी पुढे एम-बीएल म्हणेन. दोघेही एकाच टॉपमधून आले असतील, तर बी-क्वार्कचे लहानसे वस्तुमान सोडून दिल्यास, एम-बीएलचा वर्ग टॉपच्या वस्तुमानाच्या वर्गातून डब्ल्यूच्या वस्तुमानाचा वर्ग वजा केल्यावर जे उरते त्यापेक्षा मोठा असू शकत नाही. टॉपसाठी १७२.५ आणि डब्ल्यूसाठी ८०.४ घातल्यास ही मर्यादा सुमारे १५३ जीईव्ही येते. चुकीच्या जोडीवर असे कोणतेही बंधन नसते. ते दोन तुकडे वेगवेगळ्या टॉपमधून, बहुधा विरुद्ध दिशांना उडालेले असतात, आणि त्यांच्यातील कोन मोठा असल्यामुळे वस्तुमानही अनेकदा मोठे येते.

प्रत्येक जोडणीतून दोन एम-बीएल मिळतात. त्यांची बेरीज किंवा सरासरी घेऊ नका. त्यांतील मोठा आकडा पाहा, कारण मर्यादा दोघांनीही पाळायची आहे. समजा, एका घटनेत पहिल्या जोडणीतून ९८ आणि १२१ हे आकडे आले, आणि दुसरीतून १८७ आणि ६४. १८७ हा १५३ च्या बराच वर आहे, म्हणून दुसरी जोडणी बाद. दुसऱ्या एखाद्या घटनेत पहिलीतून ८८ व ११० आणि दुसरीतून १३० व ७१ आले, तर दोन्ही जोडण्या मर्यादेत बसतात आणि एम-बीएल गप्प राहते. नवखे विद्यार्थी इथे ११० हा १३० पेक्षा लहान आहे म्हणून पहिली जोडणी उचलतात. तो कौल आहे, पण फार कच्चा. त्याला बाद करण्याच्या पुराव्याइतके वजन देऊ नये.

अशा गप्प घटनांसाठी एमटी-टू कामाला येते. ख्रिस्तोफर लेस्टर आणि डेव्हिड समर्स यांनी १९९९ मध्ये हे चल मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर जोडीने निर्माण होऊन अदृश्य कणांत मोडणारे नवे कण होते. टॉपच्या द्वि-लेप्टॉन घटनेची रचनाही तशीच असल्याने ते इथेही चपखल बसते. हरवलेला आडवा संवेग दोन न्यूट्रिनोंमध्ये कसा वाटला गेला हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून शक्य त्या सर्व वाटण्या करून पाहायच्या, प्रत्येक वाटणीत दोन्ही बाजूंची आडवी वस्तुमाने (फक्त आडव्या संवेगांचा विचार करून काढलेली) काढून त्यांतील मोठे घ्यायचे, आणि अशा सर्व आकड्यांतील सर्वांत लहान आकडा म्हणजे एमटी-टू. जोडी बरोबर असेल तर खरी वाटणीही आपण तपासलेल्या वाटण्यांत असतेच, आणि तिच्यात दोन्ही आकडे टॉपच्या वस्तुमानाच्या आत असतात. त्यामुळे एमटी-टू १७२.५ च्या वर जाऊ शकत नाही. वरच्या दुसऱ्या घटनेत पहिल्या जोडणीचे एमटी-टू १४९ आणि दुसरीचे १९१ आले, तर निर्णय लागला.

मात्र एक चूक मी दरवर्षी कोणा ना कोणाच्या प्रोग्राममध्ये पाहते. एमटी-टू तीन प्रकारे काढता येते: दृश्य बाजूला फक्त लेप्टॉन ठेवून, फक्त बी-जेट ठेवून (तेव्हा लेप्टॉनचे संवेग हरवलेल्या संवेगात मिळवायचे), किंवा बी-जेट आणि लेप्टॉन एकत्र ठेवून. पहिल्या दोन प्रकारांत कोणता लेप्टॉन कोणाचा, हा प्रश्न उद्भवतच नाही. दोन्ही जोडण्यांचे उत्तर एकच येते. जोडी लावण्यासाठी फक्त तिसरा प्रकार उपयोगी आहे. दोन्ही जोडण्यांचे एमटी-टू प्रत्येक घटनेत अगदी सारखे येत असेल, तर आधी हेच तपासा.

याच्याही पुढची पायरी म्हणजे एम-टू नावाची चले. त्यांत न्यूट्रिनोंचे आडवेच नव्हे तर किरणपुंजाच्या दिशेतील संवेगही मोकळे सोडून लघुतम मूल्य शोधतात आणि वर आणखी अटी घालता येतात. दोन्ही टॉपची वस्तुमाने समान असावीत एवढीच अट घातल्यास नवे काही हाती लागत नाही, उत्तर एमटी-टूइतकेच येते. पण मधल्या दोन्ही डब्ल्यूंची वस्तुमाने समान असावीत अशी अट घातली, की लघुतम मूल्य वर सरकू शकते. खरे संवेग ही अट पाळतातच, त्यामुळे बरोबर जोडी मर्यादेतच राहते. चुकीच्या जोडीला मात्र मर्यादा ओलांडण्याची आणखी एक संधी मिळते.

पूर्ण समीकरणे मांडून सोडवण्याचा मार्गही आहे. दोन न्यूट्रिनोंच्या संवेगांचे मिळून ६ अज्ञात घटक. हरवलेल्या आडव्या संवेगाची २, डब्ल्यूच्या वस्तुमानांची २ आणि टॉपच्या वस्तुमानांची २ अशी ६ समीकरणे. दर जोडणीला वास्तव उत्तरे जास्तीत जास्त ४ मिळतात, आणि चुकीच्या जोडणीला पुष्कळदा एकही मिळत नाही. 'वास्तव उत्तर आहे की नाही' ही कसोटी वरच्या मर्यादांपेक्षा कडक आहे, पण ठिसूळही आहे. हरवलेला संवेग थोडा चुकीचा मोजला गेला तरी बरोबर जोडणीचेही उत्तर नाहीसे होते. शिवाय डब्ल्यूमधून टाऊ हा जड लेप्टॉन निघून त्याचा पुढे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन झाला असेल, तर एका बाजूला तीन न्यूट्रिनो असतात आणि समीकरणेच लागू राहत नाहीत. एम-बीएल आणि एमटी-टू यांच्या वरच्या मर्यादा मात्र अशा घटनेतही अबाधित राहतात. म्हणून मी मर्यादांना प्राधान्य देते आणि समीकरणे शेवटी हाती घेते.

इथवरचा क्रम असा झाला: संवेग फार मोठा असेल तर डेल्टा-आर, अन्यथा आधी एम-बीएल, मग बी-जेट व लेप्टॉन एकत्र घेतलेले एमटी-टू, आणि तरीही उत्तर नसेल तर अटींसह एम-टू. एम-बीएल आधी घेण्याचे कारण असे की त्यात हरवलेला संवेग लागत नाही, आणि डिटेक्टरमध्ये सर्वांत वाईट मोजली जाणारी राशी तीच आहे.

परिस्थितीनुसार काय बदलते, तेही सांगायला हवे. १५३ ही रेघ कागदावरची आहे. समजा जेटच्या ऊर्जेत १५ टक्के चूक असेल. एम-बीएल हे ऊर्जेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलत असल्याने त्यात साधारण साडेसात टक्के, म्हणजे मर्यादेजवळ ११ जीईव्हीची चूक होईल. तेव्हा १५४ आले म्हणून जोडी बाद करणे योग्य नाही. मर्यादा १६५ च्या आसपास नेऊन पाहा. टॉपच्या वस्तुमानाला स्वतःची रुंदी आहे, पण ती सुमारे १.४ जीईव्ही असल्यामुळे इथे तिची फारशी काळजी नको. खरी काळजी आहे ती दोन्ही जोडण्या मर्यादेबाहेर जाणाऱ्या घटनांची. अशा घटनेत बहुधा तुमच्या दोन 'बी-जेट'पैकी एक बी-जेट नसतोच. टक्करीपूर्वीच्या कणाने उत्सर्जित केलेला एखादा जेट चुकून बी म्हणून ओळखला गेलेला असतो आणि खरा बी-जेट निसटलेला असतो. म्हणजे बरोबर उत्तर तुमच्या यादीतच नसते. तिथे दोन चुकांपैकी कमी वाईट चूक निवडण्यात अर्थ नाही. सिम्युलेशनमध्ये खऱ्या बी-क्वार्कपासून ०.४ अंतराच्या आत जेट सापडतो का, हे पाहून अशा घटनांची वेगळी मोजणी करा, कारण त्या मोजल्याशिवाय तुमच्या पद्धतीचा दोष कुठे संपतो आणि डिटेक्टरचा कुठे सुरू होतो हे कळणार नाही.

आता थोडे माझ्याच फजितीबद्दल. सुरुवातीच्या काळात मी सहा जेटांच्या घटनांवर काम करत होते, म्हणजे दोन्ही डब्ल्यू क्वार्कमध्ये मोडणाऱ्या. तिथे बी-जेट ओळखले नसतील तर जोडण्या ९० होतात. दोन्ही बी-जेट ओळखले तर ६ उरतात. मी डब्ल्यूचे आणि टॉपचे वस्तुमान काय-स्क्वेअरमध्ये (अपेक्षित आकड्यांपासूनचे अंतर मोजणाऱ्या मापात) घालून सर्वांत लहान काय-स्क्वेअरची जोडणी निवडली आणि टॉपच्या वस्तुमानाचा आलेख काढला. १७२ वर देखणे शिखर आले आणि मी हरखून गेले. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे सुचवले की हाच प्रोग्राम मिश्र घटनांवर चालवून पाहा. म्हणजे निरनिराळ्या घटनांतून एकेक जेट उचलून बनवलेल्या, ज्यांत टॉप असण्याचा संभवच नाही, अशा घटनांवर. शिखर तिथेही आले, जवळजवळ तितकेच देखणे. ९० जोडण्यांतून १७२ च्या जवळची जोडणी हुडकायला मीच सांगितले होते. प्रोग्रामने ती हुडकली.

तुमच्या बाबतीतही हा धोका आहे, फक्त दोनच जोडण्या असल्यामुळे तो सौम्य आहे. नेहमी लहान एम-बीएलची जोडणी निवडलीत, तर आलेखाची उजवी बाजू तुम्हीच कापत असता; मग त्याच आलेखाच्या टोकावरून टॉपचे वस्तुमान वाचणे म्हणजे स्वतःच लिहिलेले उत्तर स्वतःच तपासणे होय. निवड ज्या चलाने केली, त्याच चलाचे माप घेऊ नका. घ्यायचेच असेल तर नेमकी तीच निवड सिम्युलेशनवर करून दोन्ही आलेखांची तुलना करा. वस्तुमान आधी ठाऊक नसेल, एखाद्या नव्या कणाचा शोध असेल, तर परीक्षणाचे वस्तुमान हळूहळू वाढवत न्यायचे आणि किती घटनांत निदान एक जोडणी मर्यादेत बसते ते पाहायचे. ही संख्या आधी झपाट्याने वाढते आणि खऱ्या वस्तुमानाजवळ पोहोचल्यावर स्थिरावते.

प्रत्यक्ष डेटाविषयीच्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. डेटात खरे उत्तर नसते, पण 'निर्णय लागला', 'दोन्ही शक्य' आणि 'दोन्ही अशक्य' या तीन गटांचे प्रमाण तिथेही मोजता येते. ते सिम्युलेशनमधील प्रमाणाशी जुळले, तर सिम्युलेशनमधून काढलेल्या अचूकतेवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. एक लेप्टॉन इलेक्ट्रॉन आणि दुसरा म्यूऑन असलेल्या घटना घ्या, कारण झेड बोसॉन एकाच जातीच्या दोन लेप्टॉनांत मोडतो, त्यामुळे तिथे त्याची भेसळ अगदी कमी असते. एलएचसीवरील सीएमएस प्रयोगाचा खुला डेटा २०१४ पासून उपलब्ध आहे, तेव्हा हे काम सोलापुरात बसूनही करता येते. मॅडग्राफ, पायथिया आणि डेल्फीज या सिम्युलेशनच्या प्रोग्राममधून एक लाख घटना साध्या डेस्कटॉपवर निघतात. एप्रिल-मेच्या उन्हात तो दुपारी चालवू नका, रात्री लावून झोपा.

मशीन लर्निंगला माझा विरोध नाही. सहा किंवा आठ जेटांच्या घटनांत, जिथे जोडण्या पुष्कळ होतात, तिथे अटेन्शन या तंत्रावर आधारलेली न्यूरल जाळी हाती घेण्यासारखी आहेत. पण दोन जोडण्यांच्या प्रश्नात वरची तीन-चार चलेच बहुतेक माहिती देऊन जातात, आणि पुढे जाळे वापरायचे ठरवलेत तर त्याला हीच चले पुरवून पाहता येतील.

सध्या एकच आलेख काढा. आडव्या अक्षावर दुसऱ्या आणि पहिल्या जोडणीच्या मोठ्या एम-बीएलमधील फरक (दुसरीतून पहिली वजा), उभ्या अक्षावर तसाच त्यांच्या एमटी-टूमधील फरक. पहिली म्हणून प्रत्येक वेळी खरी जोडणी घ्या. सिम्युलेशनमध्ये ती तुम्हाला ठाऊक आहेच. वरच्या उजव्या चतुर्थांशात दोन्ही चले एकमुखाने बरोबर बोलतात, खालच्या डाव्यात एकमुखाने चुकतात, आणि उरलेल्या दोहोंत त्यांचे एकमेकांशी पटत नाही. न पटणाऱ्या घटना किती आहेत आणि त्यांत टॉपचा आडवा संवेग कसा विभागलेला आहे, एवढे कळवा; त्यावरून डेल्टा-आरची मर्यादा कुठे आखायची ते ठरवता येईल.